लिहिलेलं वाजवणारी माणसं

पियानो वाजवणाऱ्याला मी बरीच वर्षं कलावंत मानत नव्हतो. कारागीर म्हणायचो, आणि तेही उपकार केल्यासारखं. माझं म्हणणं सरळ होतं. समोर कागद आहे. दीडदोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्यावर एकेक सूर लिहून ठेवलाय. कुठे हळू, कुठे जोरात, कुठे थांबायचं, तेही लिहिलंय. त्या बरहुकूम बोटं चालवायची, उठून वाकून नमस्कार करायचा, फुलं घ्यायची आणि दुसऱ्या गावच्या विमानात बसायचं. यात गाणं कुठे आलं? आमच्याकडे बुवा यमन मांडायला बसले की पुढची जागा कुठून येणार हे खुद्द बुवांनाही ठाऊक नसतं. पियानोवाल्याला मात्र पहिला सूर लावायच्या आधीच शेवटचा माहीत असतो. हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये, कार्ल्याच्या भजनी मंडळात, मळवलीला उतरेपर्यंत लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा ऐकवलेलं आहे.

आता मी तसं म्हणत नाही. मंडळातल्या लोकांना वाटतं, पुतणीच्या मायेपोटी मास्तरांनी पलटी मारली. पुतणीचा यात हात आहे, नाही असं नाही. पण तिच्याआधीच मनाला कुरतड लागली होती, आणि ती लावली एका कुजलेल्या लाकडी पेटाऱ्यानं.

आधी माझी जात सांगतो. मी पेटीवाला. नोकरी शाळेतली, पण जीव पेटीत. मंडळात साथ करतो, आणि आसपासच्या गावांत कोणाची पेटी बिघडली तर उघडून सूर घासून देतो, भाता बदलून देतो. पेटीवाल्याला तुच्छता म्हणजे काय ते कोणी शिकवावं लागत नाही. जॉन फोल्ड्स नावाचे एक इंग्रज संगीतकार दिल्लीला रेडिओवर होते. त्यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध खरमरीत लेख लिहिला, आणि मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, आणि तेही एकदम नाही. आरोप काय होते? पेटीवर मींड निघत नाही, श्रुती नाहीत, सूर ठोकळ्यासारखे सुटे सुटे येतात. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांच्यासारख्यांनी त्याच पेटीतून जे काढलं ते ऐकलेला कोणीही माणूस या आरोपांवर हसेल. मीही हसायचो. आणि तेच आरोप, एक शब्द इकडचा तिकडे न करता, पियानोवर करायचो.

तर तो पेटारा. वलवणच्या बाजूला एक जुना बंगला आहे, मालक मुंबईत, वर्षातून चार दिवस येणारे. दिवाणखान्यात उभा पियानो. तो दुरुस्त होण्याजोगा आहे की भंगारात काढायचा, एवढं बघून सांगा, असा निरोप आला. या भागात पियानो उघडणारा कोणी नाही, म्हणून पेटीवाल्याला बोलावणं. मीही हातात पेचकस घेऊन निघालो. पेटी काय नि पियानो काय, पट्ट्या तर सारख्याच, असा माझा समज.

पुढची फळी काढली आणि आत बघून बसलोच. पेटीत सूर म्हणजे पितळेची जीभ आणि वारा. इथे तारांचं रान होतं. पियानोला ८८ पट्ट्या आणि तारा सव्वादोनशेच्या वर, कारण बहुतेक सुरांना तीन-तीन तारा एकत्र लावलेल्या. मोठ्या मैफलीच्या पियानोत या सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात जातो, म्हणून आत बिडाची चौकट असते. या पियानोला लोणावळ्याच्या पावसानं खाल्लं होतं. खुंट्या गंजलेल्या, पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या, हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा कसरीनं कुरतडलेला. मधल्या तीनचार पट्ट्या तेवढ्या धड होत्या. त्यातली एक मी दाबली. म्हणजे पेटीची पट्टी दाबतात तशी, सावकाश, शेवटपर्यंत. आवाजच आला नाही. पुन्हा दाबली, पुन्हा काही नाही. बिघडली म्हणून सोडून देणार तेवढ्यात बोट घसरलं, पट्टी जरा झटक्यात खाली गेली आणि सूर वाजला.

मग मी गुडघ्यावर बसून, एका हातानं पट्टी दाबत, आत काय होतंय ते बघत राहिलो. पट्टी दाबली की हातोडी तारेकडे निघते, पण तारेपर्यंत तिला कोणी पोचवत नाही. तारेच्या अगदी जवळ गेल्यावर आतला खटका सुटतो आणि हातोडी मोकळी होते. उरलेलं अंतर ती स्वतःच्या वेगानं जाते. वेग पुरेसा असेल तर तार वाजते, नसेल तर हातोडी मुकाट्यानं परत येते. ही करामत १७०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या वाद्य बनवणाऱ्यानं शोधून काढली, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की सूर वाजायच्या आधीच वादकाचा त्याच्याशी संबंध संपलेला असतो. पेटीवर पट्टी धरून भाता भरला की सूर फुगतो, भाता सोडला की मावळतो. सूर निघाल्यावरही आपण त्याच्याशी बोलत असतो. पियानोत ती सोय नाही. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते, आणि काय सांगायचं ते त्या एका सेंटिमीटरात सांगून टाकायचं. नंतर पट्टी धरून ठेवा, हलवा, डोळे मिटून डोला, सूर आपला आपण विझत जाणार.

पूर्वी मी हेच पियानोविरुद्ध वापरलं असतं. मेलेला सूर, म्हणालो असतो. पण पट्टीवर बोट असताना तसं म्हणवेना. ज्याला सूर निघाल्यावर काहीच करता येत नाही, त्याला तो निघण्याआधी किती करावं लागत असेल, हा प्रश्न डोक्यात बसला. बंगल्याच्या मालकांना मी निरोप धाडला की माझ्या आवाक्यातलं काम नाही, आणि या हवेत कोणाच्याही आवाक्यात राहील असं वाटत नाही.

पुतणी तेव्हा पुण्यात शिकत होती. धाकट्या भावाची मुलगी. लहानपणापासून पियानोच्या क्लासला जायची, परदेशी बोर्डाच्या एकामागून एक ग्रेड पास व्हायची, आणि आम्ही घरचे ते गणिताच्या मार्कांसारखं ऐकून घ्यायचो. मी तिला बंगल्यातल्या पट्टीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "काका, हे कळायला मला सहा ग्रेड लागल्या." मग तिनं मला शेजारी बसवलं आणि चार सुरांचा एक झेला वाजवला. चारही सूर एका वेळी, एकाच हातानं. पुन्हा तेच चार सूर, पण आता सगळ्यात खालचा पुढे आला, बाकीचे त्याच्या मागे उभे राहिल्यासारखे. मग दुसरा. मग तिसरा. कागदावर चारही एकाखाली एक, सारख्याच काळ्या ठिपक्यांनी लिहिलेले. कोणता पुढे काढायचा यावर त्या कागदात अक्षर नव्हतं. एकाच हाताची बोटं एकाच क्षणी वेगवेगळ्या वेगानं खाली गेली होती. मी तिचा हात डोळ्यांत तेल घालून बघत होतो तरी मला काही दिसलं नाही. ऐकू मात्र स्वच्छ आलं.

तिनं मला ग्लेन गूल्ड ऐकवला. कॅनडाचा. त्यानं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना दोनदा रेकॉर्ड केली, १९५५ मध्ये ऐन तारुण्यात आणि १९८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. पहिली अडतीस मिनिटांच्या आसपास, दुसरी पन्नासच्या पुढे. सुरुवातीची छोटी धून पहिल्या वेळी दोन मिनिटांच्या आत संपते. दुसऱ्या वेळी तिला तीन मिनिटं लागतात. माणूस तोच, कागद तोच, सूर तेच. पण पहिलं ऐकताना पोरगा अंगणात धावतोय आणि दुसरं ऐकताना कोणीतरी प्रत्येक सुराला थांबवून त्याची चौकशी करतोय. आमच्याकडे एखादा गायक तिशीत मध्यलयीत म्हणायचा तीच बंदिश पन्नाशीत विलंबितात म्हणू लागला तर आपण म्हणतो, बुवा मुरले. बंदिश तीच म्हणून नक्कल केली असं म्हणत नाही.

इथे मंडळातल्या आमच्या पखवाजवाल्याचं एक बोलणं सांगितलंच पाहिजे. त्याला मी हे सगळं उत्साहानं सांगत होतो तर तो पखवाजाला कणीक लावता लावता म्हणाला, "मास्तर, अभंग तरी कोण नवा करतंय? तुकोबांनी लिवला, चाल आजोबाची, आन आपण तोच म्हणतोय की." मी गप्प. अभंग लिहिलेला, चाल ठरलेली, नाट्यपदाची तर तानसुद्धा लोकांना पाठ, जरा इकडेतिकडे झाली तर पहिल्या रांगेतले म्हातारे भुवया चढवतात. आपल्या संगीतातला केवढा तरी भाग लिहिलेला किंवा ठरलेलाच आहे. आपण तो तसा मोजत नाही, कारण तो आपला आहे.

तरी मी पूर्ण वळलो नव्हतो. मनात होतं, ठीक आहे, वाजवणारा थोडी नक्षी काढत असेल, पण खरं संगीत त्या कागदातच. ते मत मोडलं मुंबईशी रक्ताचं नातं असलेल्या एका माणसानं, आणि तेही वाजवून नव्हे, वाजवू न देऊन.

कैखुश्रू शापूरजी सोराबजी. वडील मुंबईचे पारशी, स्थापत्य अभियंता, आई इंग्रज. जन्म १८९२, लंडनजवळच्या चिंगफर्डचा. वडिलांनी पैशाची सोय करून ठेवलेली असल्यामुळे त्यांना पोटासाठी काही करावं लागलं नाही, आणि त्यांनी जे केलं ते पोटासाठी कोणी करणारही नाही. त्यांनी एकट्या पियानोसाठी अशा अजस्र रचना लिहिल्या की वाजवणाऱ्याची छाती दडपावी. त्यातली ‘ओपुस क्लाविचेंबालिस्टिकुम’ ही बारा भागांची रचना चार तासांच्या वर चालते. १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोमध्ये सोराबजींनी स्वतः ती पूर्ण वाजवली. स्वतः वाजवायचे, पण श्रोत्यांसमोर बसायची त्यांना आवड नव्हती. विमानं, आगगाड्या, टाळ्या असलं आयुष्य त्यांनी मागितलंच नाही. १९३६ मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकानं याच रचनेचा पहिला खंड वाजवला. त्याला ठरल्यापेक्षा जवळपास दुप्पट वेळ लागला, टीकाकारांनी रचनेचीच सालं काढली, आणि सोराबजींचं डोकं फिरलं. यापुढे माझ्या संमतीशिवाय माझं कोणी जाहीर वाजवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. स्वतःही त्याच वर्षी मंचावरून उतरले.

पुढे चाळीस वर्षं ते लिहीत राहिले, आधी लंडनमध्ये आणि नंतर डॉर्सेटमधल्या एका गावात राहून. हजारो पानं. त्यात १९३८-३९ मध्ये लिहिलेली एकट्या पियानोची ‘तांत्रिक सिंफनी’ आहे, सात भागांची, आणि भागांची नावं मूलाधारापासून सहस्रारापर्यंतच्या चक्रांची. इथे लोणावळ्यात कैवल्यधाम १९२४ पासून आहे, चक्रं हा शब्द आमच्याकडे रिक्षावाल्यालाही माहीत, पण त्या नावांचं पियानोचं एवढं मोठं काम इंग्लंडच्या एका खेड्यात कपाटात पडून होतं. १९७६ मध्ये त्यांनी हळूहळू काही वादकांना परवानगी द्यायला सुरुवात केली. ग्लासगोला वाजलेली ती चार तासांची रचना पुन्हा पूर्ण ऐकायला मिळाली १९८२ मध्ये, उट्रेख्तला, जेफ्री डग्लस मॅज यांच्या हातून. बावन्न वर्षांनी. सोराबजी १९८८ मध्ये गेले.

माझं जुनं मत या गोष्टीला लावून बघितलं. संगीत जर कागदात असेल तर त्या चाळीस वर्षांत काहीच हरवलेलं नव्हतं. प्रत्येक सूर शाईनं लिहिलेला, प्रत्येक खूण जागच्या जागी. पण ते संगीत होतं कुठे? ज्यांनी नंतर ते उचललं त्यांनी कित्येक महिने, कित्येकदा वर्षं घालवून ती पानं बोटांत उतरवली. वाजवणारा नाही म्हटल्यावर कागदाचं काय होतं, ते एका माणसानं स्वतःच्या हट्टानं सिद्ध करून दाखवलं. मी इतकी वर्षं ज्याला हरकाम्या म्हणत होतो, त्याच्यावाचून मालकाचा आवाज जगाला ऐकू जात नव्हता.

पुतणीनं त्यानंतर व्हिएन्नाला जायचं काढलं. भावाचा फोन आला, "दादा, तू सांग तिला. तुझं ऐकते ती. यात करिअर आहे का काही?" गंमत बघा. पूर्वी मी याच प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलं असतं. आता मला माहिती काढावी लागली.

ती दोन दिवस कार्ल्याला आली तेव्हा आम्ही लेण्यावर गेलो. चैत्र नव्हता तरी एकवीरेला गर्दी होतीच. पायऱ्यांवर हार, नारळ, लिंबूसरबत, आणि वर देवळासमोर आईच्या नावाचा उदो उदो. देवळाच्या मागेच चैत्यगृह. आत पाऊल टाकलं की बाहेरचा गलबला एकदम वेगळा होतो, जवळ असून लांबचा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि स्तूपामागे सात. वर छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी, सागवानाच्या, अजून शाबूत. पोरीनं एक टाळी वाजवली आणि कान देऊन उभी राहिली. मग आणखी एक, खांबाआड जाऊन. म्हणाली, "काका, इथे पियानो ठेवला तर मला सगळं सावकाश वाजवावं लागेल. पेडल जवळजवळ सोडूनच द्यायला लागेल, नाहीतर मागचा सूर पुढच्यात मिसळून चिखल होईल." आणि सभागृह भरलं की परत वेगळं, कारण माणसांचे कपडे आवाज पितात. म्हणजे सकाळी रिकाम्या हॉलमध्ये सराव केला ते संध्याकाळी मोडायचं, तिथल्या तिथे, चालू वाजवण्यात. बुवा बैठकीला आले की आधी खोली बघतात, लोक बघतात, मग कोणता राग आणि कुठून धरायचा ते ठरवतात. ही पोरगी राग बदलू शकत नाही, पण बाकी सगळं बदलते.

आणि वाद्यही तिचं नाही. माझी पेटी मी झोळीत घालून नेतो. सारंगीवाला सारंगी नेतो, व्हायोलिनवाला व्हायोलिन. मोठा मैफलीचा पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचेकशे किलो वजनाचा. म्हणून जगभर फिरणारा पियानोवादक रोज रात्री परक्याच्या वाद्यावर बसतो. कुठे पट्टी जड, कुठे वरचे सूर टोचणारे. दुपारी तास-दोन तास ओळख, रात्री लग्न. व्लादिमिर होरोविट्झसारखा एखादा स्वतःचा पियानो बरोबर न्यायचा. क्रिस्टियान झिमरमानही नेतो, आणि २००१ च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याचा पियानो संशयावरून नष्ट केला गेला. वेगळाच प्रकार स्व्यातोस्लाव रिख्तरचा. सत्तरी ओलांडल्यावर १९८६ मध्ये तो मोटारीनं सोव्हिएत देश आडवा तुडवत अतिपूर्वेपर्यंत गेला आणि वाटेत लहानलहान गावांत वाजवत राहिला. मला यातला रिख्तर जवळचा वाटतो. आमच्या कीर्तनकारांची जातकुळी.

पाठांतराचं ओझं वेगळं. पियानोवादकानं कागद न ठेवता वाजवायचं, ही चाल रूढ करण्यात क्लारा शूमानचा मोठा वाटा. आठ मुलं, आजारी नवरा, आणि तरी आयुष्यभर दौरे. मारिया जोआओ पिरेश या पोर्तुगीज बाईंची १९९९ च्या सुमाराची चित्रफीत पुतणीनं दाखवली. ॲमस्टरडॅम, समोर भरलेलं सभागृह, वाद्यवृंद सुरू झाला आणि बाईंचा चेहरा पडला. त्या मोझार्टची दुसरीच रचना तयार करून आल्या होत्या. संचालक रिकार्डो शाई छडी हलवता हलवताच त्यांच्याशी बोलतात, तुम्हाला येते ही, म्हणतात. बाई कपाळाला हात लावतात. आणि त्यांची पाळी येते तेव्हा वाजवायला लागतात, एक सूर न चुकता. ती दोन-तीन मिनिटं बघताना माझ्या तळहाताला घाम आला.

भावाला मी गोड काही सांगितलं नाही. लिऑन फ्लाइशर या अमेरिकन वादकाची १९६४ च्या सुमारास, ऐन पस्तिशीत, उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. पुढची तीसेक वर्षं तो डाव्या हातानं वाजवत, शिकवत, वाद्यवृंद चालवत राहिला. हे होऊ शकतं. स्पर्धांचंही तसंच. वॉर्सॉची शोपँ स्पर्धा १९२७ पासून आहे, साधारण पाच वर्षांनी एकदा. मॉस्कोची पहिली चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ मध्ये व्हॅन क्लायबर्न हा तेवीस वर्षांचा अमेरिकन जिंकला आणि रातोरात जगाला माहीत झाला. बाकीच्या शेकडोंची नावं मला सापडली नाहीत, कारण ती कोणी लिहून ठेवत नाही. स्पर्धेत गाणं मोजण्याचा हा प्रकार मला तेव्हाही पटत नव्हता, आजही नाही.

आपल्याकडून त्या वाटेनं गेलेले अगदीच नाहीत असं नाही. मुंबईत जन्मलेल्या मारियालेना फर्नांडिस व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठात शिकवत आल्या. गोमंतकीय नोएल फ्लोरेस त्याच शहरात पिढ्या घडवून गेले. गोव्याच्या वंशाचे कार्ल लुचमायर लंडनला शिकवायचे, जगात वाजवतात. झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नालाच शिकायला गेले, पुढे हातात छडी आली ती गोष्ट वेगळी. या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. मंच आणि वर्ग, दोन्ही. नुसत्या मैफलींवर जगणारा जगातही मूठभरच. आणि बहुतेकांना शहर सोडावं लागलं, कारण इथे रोज वाजवायला मोठा पियानो नाही, बरोबर वाजवायला वाद्यवृंद नाही. मुंबईच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभी राहिली तीच मुळी २००६ मध्ये. पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये कोणी परदेशी वादक आला की मी जातो हल्ली. पन्नाशी-साठीची तीच ती डोकी दिसतात.

एक मत मात्र मी बदललेलं नाही, आणि बदलणार नाही. पियानोचा गंधार. बारा सुरांची सारखी वाटणी करायच्या नादात तो शुद्ध गंधारापेक्षा चढा लावलेला असतो, आणि दोन तानपुऱ्यांच्या गंधारावर वाढलेल्या कानाला तो टोचतो. माझ्या पेटीचाही तसाच टोचतो, हे पुतणीनं लगेच सुनावलं. खरं आहे. पण पेटीला मी घासून घासून थोडी वळणावर आणलीय, तिच्या त्या धुडाला कोण घासणार?

भावाला शेवटी सांगितलं, जाऊ दे तिला. शिकवण्याचं शिक्षणही घेऊ दे. हाताला काही झालं तर काय, ते आधीच ठरवून ठेवा. कर्ज काढायचं तर व्हिएन्नातल्या राहण्याचा खर्च आधी नीट विचारून घ्या. भावाला अपेक्षित होतं ते हे नव्हतं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याला सोराबजी आठवले, बहुधा माझ्याकडून फार वेळा ऐकल्यामुळे.

"दादा," तो म्हणाला, "ते चार तासांचं एकच वाजवतात ना, त्याला तिकीट किती लावतात?"